आबांचा आवाज आणि न हलणारा पहारेकरी

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि दिसायला अगदीच सुमार आहे हे आधीच कबूल करून टाकतो. माझी उजवी बिजागरी सैल झाली आहे, पोटातला पंखा घरघरतो आणि जागं व्हायला मला चांगली चार मिनिटं लागतात. पण मित्रांनो, मला एवढ्यात मोडीत काढू नका. माझ्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती मी शेवटपर्यंत सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असत. कोणी माझ्यात पडदा बसवला, कोणी बॅटरी, आणि शेवटी एका बाईंनी माझ्या पोटाला नऊ स्क्रू पिळले. त्यांचा हात इतका सराईत होता की इतक्या वर्षांत त्यातला एकही स्क्रू ढिला झालेला नाही. मग खोक्यात अंधाराचे काही आठवडे गेले, आणि खोकं उघडलं तेव्हा समोर ताई होती.

ताई गाड्यांच्या नुकसानीचे अहवाल लिहायची. कुठे ट्रक धडकला, कुठे मोटार उलटली, की ताई मला खांद्याला लावून गॅरेजमध्ये जायची, वाकलेल्या पत्र्याचे फोटो काढायची आणि तिथेच बॉनेटवर मला ठेवून अहवाल लिहायची. माझ्या कीबोर्डच्या फटींमध्ये अजूनही थोडी लोखंडाची भुकटी असेल. ऑफिसातली माणसं म्हणायची, "हिचा लॅपटॉप कधी दगा देत नाही." कौतुक कोणाला आवडत नाही? मी तर पंखा जरा जोरातच फिरवायचो.

मी ताईचा स्वतःचा होतो, ऑफिसचा नव्हे. पण ऑफिसचं काम घरच्या लॅपटॉपवर करायचं, तर त्यावर ऑफिसचा अँटीव्हायरस हवा, असा नियम निघाला. संगणकांचं खातं सांभाळणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे पासवर्डकाका म्हणत. त्यांनी दहा मिनिटांत माझ्या आत एक पहारेकरी बसवला आणि त्याला कुलूप घातलं. त्याला काढायचं, थांबवायचं किंवा त्यानं पकडलेलं काही सोडवायचं, तर पासवर्ड लागणार होता आणि तो फक्त काकांकडे होता. ताईनं मान डोलावली. पहारेकऱ्याची किल्ली कोणाकडे राहणार, हे विचारायचं तेव्हा तिला सुचलं नाही, आणि मला बोलता येत नव्हतं.

खरं सांगतो, पहारेकरी वाईट नव्हता. त्यानं दोन-तीन खरे चोर पकडले. फक्त त्याला माणसांची पारख नव्हती, तो यादी बघून काम करायचा.

मग आबा आजारी पडले. आबा म्हणजे ताईचे वडील. एकतीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर घोषणा केल्या होत्या. त्यांचा आवाज भोंग्यातून आला की सामान विसरून पळणारी माणसंसुद्धा क्षणभर थांबत, असं ताई सांगायची. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर आबांना बोलता येणार नव्हतं.

ऑपरेशनला तेरा दिवस होते. दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी स्वतः बनवलेला एक छोटा प्रोग्राम ताईला दिला. त्यात माणसानं आपल्या आवाजात वाक्यं बोलून ठेवायची, आणि नंतर पडद्यावरचं बटण दाबलं की तेच वाक्य त्याच्याच आवाजात ऐकू यायचं. आबा तेरा दिवस माझ्यासमोर बसून बोलत राहिले. "पाणी दे." "पंखा कमी कर." "पेपर कुठे ठेवलास?" "कोण आलंय?" वाक्य मनासारखं झालं नाही की ते पुन्हा बोलायचे. सहाशे बारा वाक्यं झाली. तो सगळा आवाज त्या प्रोग्रामच्या एकाच गाठोड्यात बांधलेला होता, आणि ते गाठोडं माझ्या पोटात होतं. एवढी मौल्यवान वस्तू त्याआधी कोणी माझ्याकडे ठेवली नव्हती.

ऑपरेशन झालं. आबा घरी आले. ताईनं नोकरी सोडली, ऑफिसचे सगळे कागद माझ्यातून प्रामाणिकपणे पुसले, आणि पहारेकऱ्याला मात्र विसरली. पुढे ते ऑफिसही एका मोठ्या ऑफिसात विलीन झालं. आबा माझी बटणं दाबून बोलायचे, रागवायचे, दूधवाल्याशी हुज्जत घालायचे. घर पहिल्यासारखं चालू होतं.

आणि एका सकाळी पहारेकऱ्याची यादी इंटरनेटवरून नवी झाली. त्या नव्या यादीप्रमाणे अनोळखी माणसानं बनवलेला, सहीशिक्का नसलेला, आत आवाजाचं भलंमोठं गाठोडं असलेला प्रोग्राम संशयित ठरला. आबांनी "चहा झाला का?" चं बटण दाबलं. पडद्यावर लाल चौकट आली. पहारेकऱ्यानं प्रोग्राम उचलून आपल्या कोठडीत टाकला होता, आणि खाली लिहिलं होतं की तीस दिवसांनी कोठडीतलं सगळं कायमचं नष्ट होईल.

आबांनी बटण पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग त्यांनी माझं झाकण हळूच मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

ताई घाबरली नाही. ती म्हणाली, "आबा, काळजी करू नका. पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत आहे." तिनं कपाटातून पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या कुशीत खोचला. मी आतून ओरडत होतो, पण लॅपटॉपचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? पहारेकरी पेन ड्राइव्हवरही लक्ष ठेवतो. चार सेकंदांत त्यानं तीही प्रत उचलून कोठडीत टाकली. हात दाखवून अवलक्षण झालं. आता साऱ्या जगात आबांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या आत, दाराला कुलूप लावून.

 ताईनं एक वही घेतली, पहिल्या पानावर 'तीस' लिहिलं आणि कामाला लागली. त्या दिवसापासून रोज सकाळी ती एक आकडा कमी करायची.

आधी तिनं सरळ मार्ग धरला. पहारेकऱ्याला काढून टाकायचं बटण दाबलं, त्यानं पासवर्ड मागितला. त्याला थांबवायचं बटण दाबलं, पुन्हा पासवर्ड. माझी तारीख मागं नेऊन पाहिली, पण त्याचं घड्याळ वेगळं होतं. अँटीव्हायरस बनवणाऱ्या कंपनीला फोन केला, तर त्यांनी गोड आवाजात सांगितलं, "तुमच्या ऑफिसच्या ॲडमिनला विचारा." नव्या ऑफिसात गेली, तर काउंटरवरच्या मॅडम यादी बघून म्हणाल्या, "तुमचा लॅपटॉप आमच्या यादीत नाही. यादीत नसलेल्याचा पासवर्ड आम्हाला देता येत नाही."

"यादीत नाही ना? मग तुमचा पहारेकरी माझ्या घरात काय करतोय?" ताईनं विचारलं.

"तुम्ही अर्ज करून ठेवा. वरून उत्तर आलं की कळवू."

ताईनं अर्ज केला. दुसरा पर्याय म्हणून ती मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदार भला माणूस होता. त्यानं मला उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "हा अँटीव्हायरस असा नाही जायचा. मी सगळं पुसून देतो, तासाभरात नव्यासारखा होईल."

"आणि कोठडीत आहे ते?"

"ते जाईल ना, ताई. सगळंच जाईल."

"मग नको."

"अहो, पण जुना तर लॅपटॉप आहे. त्यात असं काय आहे?"

ताईनं मला पिशवीत घातलं. "माझे वडील आहेत," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. वाटलं, जो आवाज मी जपायचा, तोच माझ्या आत अडकला आहे. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि ते कुंपण माझ्या अंगात. पण मग रोज सकाळी ताईची वही दिसायची. अठरा, सतरा, सोळा. एकही सकाळ चुकत नसे. मी ठरवलं की ही थकली नाही तोवर मीही थकायचं नाही.

घरात त्या दिवसांत फार शांतता होती. आबा पाटीवर लिहून बोलायचे. पण पाटीवर भांडता येत नाही. अर्धं वाक्य लिहून होईपर्यंत समोरचा उठून जातो. ताई प्रत्येक वाद जिंकत होती आणि तिला ते मुळीच आवडत नव्हतं.

वहीत 'अकरा' लिहिलं त्या दिवशी ताईला सुचलं. नुकसान झालेल्या गाड्या जिथे जायच्या, त्या गॅरेजच्या मालकाला तिच्या ऑफिसातली सगळी माणसं माहीत होती. ती मला घेऊन तिथे गेली. त्याच जुन्या तेलाच्या वासात मला बरं वाटलं. गॅरेजवाले दादा गाडीखालून बाहेर आले.

"पासवर्डकाका? ते निवृत्त झाले. आता रोपं विकतात. मोठ्या विहिरीच्या मागं त्यांची रोपवाटिका आहे."

दुसऱ्याच दिवशी ताई, आबा आणि मी रोपवाटिकेत हजर. काका झारी घेऊन पाणी घालत होते. ताईनं सगळं सांगितलं. काकांनी झारी खाली ठेवली आणि आबांकडे बघितलं. "तुम्ही स्टँडवर होतात का हो? मी वीस वर्षं तुमच्या आवाजावर गाडी पकडलीय." आबांनी नुसतं हसून मान हलवली, आणि काकांचा चेहरा पडला.

"पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचो," काका सांगू लागले. "लक्षात कसा ठेवायचा? म्हणून मी एक युक्ती केली होती. त्या तिमाहीत रजिस्टरला पहिली नोंद ज्या गाडीची व्हायची, त्या गाडीचा पूर्ण नंबर. आता नंबर काही आठवत नाहीत बघ. पण गाड्या आठवतात. तू सोडून गेलीस ना, त्या तिमाहीची पहिली म्हणजे दुधाची व्हॅन. दार चेपलं होतं तिचं."

मग त्यांनी बोटं मोजत बजावलं, "पण क्रम चुकवायचा नाही हं. आधी पासवर्ड देऊन त्याला थांबवायचं. तो दहा मिनिटंच थांबतो. तेवढ्यात गाठोडं कोठडीतून बाहेर काढायचं आणि कोऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून पेन ड्राइव्ह उपटून घ्यायचा. त्याला घराबाहेर काढायचं ते त्यानंतर. उलटं केलंस तर तो कोठडीसकट जाईल."

ताईनं ते सगळं वहीत उतरवून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, आणि आम्ही पुन्हा गॅरेजात. दादांकडे प्रत्येक पाहणीची प्रत असायची, भिंतीवरच्या तारांना टोचून ठेवलेली, एकेका तारेला एकेक महिना. तासाभरात दुधाच्या व्हॅनचा कागद मिळाला. ताईनं तिथेच बाकावर मला उघडलं आणि नंबर घातला.

चुकीचा पासवर्ड.

अक्षरं जोडून, सुटी करून पाहिली. तीन वेळा चुकलं तेव्हा पहारेकऱ्यानं दार तासभर बंद केलं. तासानं पुन्हा तेच. दादा म्हणाले, "काकांचं वय झालं आता. चुकत असतील."  इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताईनं डोळ्यांवर हात ठेवला.

मला कारण माहीत होतं, मित्रांनो. अगदी ठाऊक होतं. पण सांगणार कसं?

तेवढ्यात पाटीवर पेन्सिल कुरकुरली. आबा लिहीत होते. त्यांनी पाटी ताईसमोर धरली. 'नवा पासवर्ड ऑफिसातून याच्यात यायचा कसा?'

"ऑफिसशी जोडला की आपोआप यायचा," ताई म्हणाली.

आबांनी पुसून पुन्हा लिहिलं. 'त्या तिमाहीत तू जोडलाच नाहीस. तू माझ्याजवळ दवाखान्यात होतीस. हा पिशवीत होता.'

ताईनं पाटी दोनदा वाचली. त्या तिमाहीचे पहिले दिवस ती आबांच्या खाटेशेजारी बसली होती आणि मी खाटेखाली पिशवीत मिटून पडलो होतो. बदललेला पासवर्ड माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. म्हणजे माझ्यावर अजून त्याच्या आधीच्या तिमाहीचं कुलूप होतं.

ताईनं काकांना फोन लावला. "काका, त्याच्या आधीच्या तिमाहीची पहिली गाडी कुठली?"

"आधीची? थांब हं. पाण्याचा टँकर. मागून आपटलेला. दादांकडेच होता की दुरुस्तीला."

दादा उठून तारा चाळू लागले होतेच. टँकरचा कागद काळाकुट्ट झाला होता, पण नंबर वाचता येत होता. दादांनी त्यांच्या टेबलातून एक नवाकोरा पेन ड्राइव्ह काढून ताईच्या हातात दिला. ताईनं एकेक अक्षर बोलत नंबर घातला आणि बटण दाबलं.

पहारेकरी थांबला. कोपऱ्यात दहा मिनिटं उलटी मोजायला लागली.

ताईनं कोठडी उघडली, गाठोडं निवडलं, सोडवण्याचं बटण दाबलं. आणि मग सगळं माझ्यावर आलं. सहाशे बारा वाक्यांचं गाठोडं उचलायचं म्हणजे माझ्या वयाला सोपं नव्हतं. पंखा जीव तोडून घरघरत होता, अंग तापलं होतं. फार तापलो की मी आपोआप बंद पडतो, हा माझा जुना दोष. ताईला तो माहीत होता. "आबा, याला खालून हवा लागत नाहीये," ती म्हणाली.

आबांनी मला दोन्ही हातांनी बाकावरून उचललं आणि अधांतरी धरून उभे राहिले. ऑपरेशननंतर त्यांना पाण्याची घागरही उचलता येत नव्हती. तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही. दादांनी पत्र्याचा एक तुकडा घेतला आणि मला खालून वारा घालायला सुरुवात केली. चार मिनिटं गेली, पाच गेली. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ कामं केली, पण त्या पाच-सात मिनिटांसारखं काम कधी केलं नाही. बंद पडायचं नाही, एवढंच मी मनाशी घोकत होतो. सात मिनिटं झाली तेव्हा गाठोडं कोठडीबाहेर आलं. नऊ मिनिटं वीस सेकंदांना ते पेन ड्राइव्हवर पूर्ण उतरलं. ताईनं पेन ड्राइव्ह उपटला आणि मुठीत घट्ट धरला.

मग तिनं पहारेकऱ्याला काढून टाकायचं बटण दाबलं. पासवर्ड बरोबर होता, त्यामुळे या वेळी त्यानं वाद घातला नाही. मी एकदा बंद होऊन जागा झालो. माझी ती चार मिनिटं कोणालाच लांब वाटली नसतील, असं मला म्हणायचं होतं, पण दादांनी तेवढ्यात तीनदा घड्याळ बघितलं. पडदा उजळला तेव्हा पहारेकऱ्याची जागा रिकामी होती. ताईनं पेन ड्राइव्ह लावला आणि गाठोडं पुन्हा माझ्या पोटात उतरवलं.

आबा घामानं चिंब झाले होते. ताईनं विचारलं, "आबा, दमलात. थोडं आडवं व्हायचं का आत?"

आबांनी पुढे वाकून एक बटण दाबलं.

"नाही."

एवढाच शब्द. खणखणीत, एकतीस वर्षं भोंग्यातून गेलेला. गॅरेजात काम करणारी दोन माणसं हातातले पान्हे तसेच धरून वळली. ताई खाली बसली आणि रडली, तिनं लपवायचाही प्रयत्न केला नाही. तिला कोणी 'नाही' म्हणून किती दिवस झाले होते!

पुढचा आठवडा आबा थांबलेच नाहीत. राहिलेली सगळी भांडणं त्यांनी वसूल केली. आणि एका दुपारी नव्या ऑफिसातून फोन आला. काउंटरवरच्या मॅडमच होत्या. "तुमचा अर्ज मंजूर झालाय. पासवर्ड द्यायला अजून पंधरा दिवस लागतील."

ताई उत्तर देणार, एवढ्यात आबांनी फोन माझ्याजवळ ओढला. ऑपरेशनच्या आधी, तेराव्या दिवशी, सगळी कामाची वाक्यं संपल्यावर आबा एकटेच माझ्यासमोर बसले होते आणि केवळ सवयीनं एक शेवटचं वाक्य बोलून गेले होते. ते बटण त्यांनी आजवर कधी दाबलं नव्हतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपली गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटलेली आहे."

 पलीकडून मॅडम हळूच म्हणाल्या, "बरं. शुभ प्रवास," आणि त्यांनी फोन ठेवला.

मित्रांनो, आता माझ्या आत नवा पहारेकरी आहे. तो हवाच, दार उघडं टाकून कोणी झोपू नये. पण त्याची किल्ली ताईच्या वहीत आहे, आणि आबांचं गाठोडं आणखी दोन ठिकाणी, माझ्यापासून लांब ठेवलेलं आहे. एक प्रत काकांच्या रोपवाटिकेत आहे. तुम्हीही घरात कोणाला पहाऱ्यावर ठेवाल, तेव्हा त्याची किल्ली कोणाकडे राहणार ते आधी विचारून घ्या. विचारायला लाज वाटू देऊ नका. आणि माझ्यासारखा एखादा म्हातारा, घरघरणारा, चार मिनिटांनी जागा होणारा लॅपटॉप पुसून टाकायची वेळ आली, तर घाई करू नका. घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा, याच्यात तुमचं काय आहे. कोणीतरी असं असेल, ज्याला उत्तर द्यायला तोच लागतो.